तीन आठवड्यांची रजा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी महिनाभर वाचन-लेखन बंद ठेवायला सांगितलं, आणि एकदा खंड पडला की पुन्हा बसायचा कंटाळा येतो हे तुम्हाला माहीतच आहे. आज मात्र बसलेय, कारण घरात एक भांडण पेटलंय आणि त्यात दोन्ही बाजूंनी माझ्यावर राग धरलाय. बाजू मांडायला ही एकच हक्काची जागा!

तर झालं काय, धाकट्या बहिणीचा संध्याकाळी फोन आला. आवाज रडवेला. म्हणाली, "ताई, तू त्याला समजाव. तू मास्तरीण, तुझं तो ऐकतो. नोकरी सोडून सिनेमा काढायचं म्हणतोय. आणि तोही भुताचा!"

'तो' म्हणजे माझा भाचा. वय छत्तीस, पुण्यात चांगली नोकरी, फ्लॅटचे हप्ते चालू, मुलगी दुसरीत. आमच्या माहेरच्या गावात एक थिएटर बरीच वर्षं बंद पडलंय. लहानपणी आम्ही बहिणींनी तिथे पत्र्याच्या खुर्च्यांवर बसून सिनेमे पाहिलेले. आता आत वटवाघळं आहेत आणि पडद्याच्या जागी नुसती भिंत आहे. मागच्या दिवाळीत हा तिथे गेला, मालकाच्या नातवाकडून किल्ली घेऊन आत तासभर एकटा बसला, आणि बाहेर आला तो डोक्यात सिनेमा घेऊनच. तिथेच चित्रीकरण करायचं, मित्र गोळा करायचे, स्वतःची साठवण घालायची, कमी पडेल ते आईच्या ठेवीतून घ्यायचं आणि राजीनामा द्यायचा, असा बेत.

मी फोन केला तेव्हा पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "मावशी, तू मला रागव, पण आधी मी पाठवतो तो सिनेमा बघ. दीड तासाचासुद्धा नाही. मग काय बोलायचं ते बोल."

मास्तरकीतल्या माणसाला असं कोणी म्हटलं की पंचाईत होते. न वाचता पेपर तपासता येत नाही ना!

सिनेमाचं नाव 'कार्निव्हल ऑफ सोल्स'. १९६२ सालचा, अमेरिकन, कृष्णधवल. मी रात्री जेवणं आटोपून, नव्या डोळ्याचं कौतुक करत, एकटीच बघायला बसले. माझा आणि भयकथेचा संबंध म्हणजे तरुणपणी वाचनालयातून आणलेले नारायण धारप, तेही ह्यांनी आणलेले. सिनेमातली भुतं मला कधी झेपली नाहीत. भीती वाटण्यापेक्षा हसूच येतं. तेव्हा झोप लागेल अशीच अपेक्षा होती.

झोप लागली नाही. रात्री दोनपर्यंत लागली नाही.

गोष्ट सांगते, पण शेवट सांगणार नाही. मेरी हेन्री नावाची एक तरुणी मैत्रिणींबरोबर गाडीत बसलेली आहे. मुलांच्या एका गाडीशी शर्यत लागते, आणि मुलींची गाडी जुन्या लाकडी पुलावरून खाली गढूळ नदीत कोसळते. लोक तासन् तास गळ टाकून गाडी शोधताहेत. आणि एकाएकी ही मेरी चिखलाने माखलेली, वाळूतून चालत वर येते. कशी वाचली, ते तिला आठवत नाही. ती व्यवसायाने ऑर्गनवादक आहे. दुसऱ्या गावी, सॉल्ट लेक सिटीला, एका चर्चमध्ये नोकरी ठरलेली आहे. ती सरळ निघते. वाटेत रात्री गाडीच्या काचेत तिला आपल्या चेहऱ्याऐवजी दुसराच एक चेहरा दिसतो. पांढराफटक पुरुष, डोळ्यांभोवती काळं. आणि रस्त्यापासून दूर, सरोवराच्या काठी, घुमटांची एक ओसाड इमारत दिसते, जी तिला बोलावत राहते.

बस्स, एवढंच. किंचाळ्या नाहीत, रक्त नाही, तांत्रिक नाही, लिंबू-मिरची नाही.

मला ज्या प्रसंगाने बसल्या जागी गार केलं तो भुताचा नाहीच. मेरी कपड्यांच्या दुकानात गेलीय. नवा पोशाख घालून बघते, बाहेर येते, आणि अचानक आजूबाजूचा सगळा आवाज बंद. विक्रेतीशी बोलते, तर तिला ही दिसतच नाही. रस्त्यावर येते, माणसं शेजारून चालली आहेत, कोणाच्याही नजरेत ही नाही. शेवटी एका बागेत झाडाला टेकते आणि पक्ष्यांचा आवाज ऐकू यायला लागतो, तेव्हा जग परत येतं.

मंडळी, निवृत्त बाईला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. तेहतीस वर्षं वर्गात शिरले की पन्नास डोळे माझ्याकडे वळायचे. निवृत्तीनंतर पहिल्यांदा एका काउंटरसमोर उभी राहिले आणि काचेपलीकडचा मुलगा माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाशी बोलायला लागला, तेव्हा मी क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघितलं होतं. ह्यांच्या पश्चात तर असे प्रसंग किती! नातेवाईक वाचताहेत म्हणून सांगते, तक्रार म्हणून नव्हे. पण साठ वर्षांपूर्वी कुठल्या दूरदेशी माणसाने ते पडद्यावर नेमकं कसं पकडलं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाच्या मागे लागले.

त्याचं नाव हर्क हार्वी. आणि इथे मला पहिला धक्का बसला, कारण हा गृहस्थ आपल्यातलाच निघाला! अमेरिकेच्या मध्यभागी कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे सेन्ट्रॉन नावाची कंपनी होती. ती शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी छोटे बोधपट काढायची. मुलांनी कसं वागावं, यंत्राजवळ काम करताना हात कसे सांभाळावेत, असे विषय. 'शेक हँड्स विथ डेंजर' नावाचा अवजड यंत्रांवरच्या सुरक्षिततेचा त्यांचा एक बोधपट तिकडे बराच प्रसिद्ध आहे, तोही हार्वींचाच. असे शेकडो बोधपट या माणसाने केले. आमच्या शाळेतही कधीमधी प्रोजेक्टर यायचा, खिडक्यांना सतरंज्या बांधायच्या आणि मुलांना भिंतीवर माहितीपट दाखवायचे. मुलं अंधाराची मजा घ्यायची. पडद्यावर काय चाललंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. असे माहितीपट कोण काढत असेल, त्या माणसाच्या मनात संध्याकाळी घरी जाताना काय येत असेल, हा विचार माझ्या मनाला तेव्हा शिवलादेखील नव्हता.

तर हे हार्वी कॅलिफोर्नियाहून गाडीने परत येत होते. वाटेत युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी मावळतीच्या उजेडात त्यांना एक प्रचंड रिकामी इमारत दिसली. तिचं नाव सॉल्टएअर. १८९३ साली बांधलेलं ते करमणुकीचं ठिकाण. आगगाडीने लोक यायचे, पोहायचे, मोठ्या नृत्यगृहात नाचायचे. १९२५ मध्ये जळलं, पुन्हा बांधलं, पुढे सरोवराचं पाणी मागे हटत गेलं आणि १९५८ मध्ये ते बंदच पडलं. हार्वींनी पाहिलं तेव्हा भोवती नुसता खारट चिखल आणि मध्ये हे घुमट. (१९७० मध्ये ते जळून पूर्ण नाहीसं झालं. म्हणजे आता ते फक्त या सिनेमात उरलंय.)

गावी परतल्यावर त्यांनी कंपनीतल्याच जॉन क्लिफर्ड नावाच्या लेखक सहकाऱ्याला गाठलं आणि गोष्ट लिहायला सांगितलं. अट एकच, शेवटी त्या नृत्यगृहात मेलेली माणसं नाचली पाहिजेत. बाकी काहीही लिही!

पैसा गावातल्या व्यापारी मंडळींकडून उभा केला. काहींचं मानधन पुढे ढकललं. सगळं धरून खर्च सुमारे तेहतीस हजार डॉलर, जो तिकडच्या सिनेमाच्या हिशोबात त्या काळीही चिल्लरच. सगळे नोकरदार, म्हणून कंपनीतून तीन आठवड्यांची रजा टाकली आणि त्या तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकलं. कॅमेऱ्यामागे मोजकी पाच-सहा माणसं. तो पांढऱ्या चेहऱ्याचा पुरुष, ज्याने माझी झोप घालवली, ते स्वतः दिग्दर्शक हार्वीच! भुतासाठी वेगळा नट आणायचा खर्च वाचला.

संगीताचंही असंच. जीन मूर नावाच्या संगीतकाराने जवळजवळ सगळा सिनेमा एकट्या ऑर्गनवर वाजवून काढलाय. वाद्यवृंदाला पैसे नव्हते हे उघड आहे, पण नायिकाच ऑर्गनवादक असल्यामुळे ते काटकसर वाटतच नाही; तिच्या डोक्यात जे वाजतंय तेच आपण ऐकतोय असं वाटतं. आपल्याला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. माझ्या वडिलांबरोबर पाहिलेल्या नाटकांत पडदा वर जाण्याआधी ऑर्गनचा भरलेला सूर लागला की अंगावर काटा यायचा, तो सुखाचा. तोच सूर जरा खाली ओढला की काटा वेगळाच येतो, हे आता कळलं.

लॉरेन्स गावात खराखुरा ऑर्गन बनवणारा कारखाना होता, त्यातच एक प्रसंग घेतलाय. मेरी अपघातानंतर तिथे सराव करतेय, आणि तिथला एक वडीलधारा माणूस तिला सांगतो, बाई गं, वाजवतेस छान, पण त्यात जरा जीव ओत. ती थंडपणे उत्तर देते की चर्चमधलं काम तिच्या दृष्टीने नुसती नोकरी आहे.

मी इथे सिनेमा थांबवला आणि पुन्हा मागे नेऊन पाहिला. कारण मला वाटतं, सगळा सिनेमा या एका बोलण्यात आहे. ही बाई पाण्यातून वर आली, पण तिचा जीव कशातच नाही. चर्चमध्ये नाही, शेजारच्या खोलीतल्या त्या लोचट माणसात नाही (तो प्रसंग फार लांबलाय, पण माणूस मात्र अगदी खरा उतरलाय), घरमालकिणीच्या कॉफीत नाही. पुढे एकदा वाजवता वाजवता तिची बोटं आपोआप भलतंच काही वाजवायला लागतात. पहिल्यांदाच तिच्या वाजवण्यात जीव येतो म्हणा ना! आणि त्याच क्षणी पाद्री येऊन हात थांबवतो, हे अपवित्र आहे म्हणतो आणि राजीनामा मागतो.

आणि हे कोणी लिहिलं, कोणी काढलं? दिवसभर 'नुसती नोकरी' म्हणून दुसऱ्यांच्या सांगण्यावरून बोधपट काढणाऱ्या माणसांनी. रजा टाकून. मी काही सिनेमाची समीक्षक नाही. बी.ए.ला मराठी साहित्य होतं, त्यामुळे जे दिसतं त्यात अर्थ शोधायची खोड आहे, एवढंच. पण हा अर्थ मी ओढूनताणून काढलेला नाही.

दोषही सांगते, नाहीतर भाचा म्हणेल मावशी विरघळली. दुय्यम पात्रांत हौशीपणा स्पष्ट दिसतो. काही ठिकाणी आवाज आणि ओठ जुळत नाहीत. ते डॉक्टर पात्र उगाच समजावत बसतं. वर्गात आम्हीही धडा संपल्यावर तात्पर्य सांगायचो, तसं. मुख्य नटी कँडेस हिलिगॉस मात्र न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकलेली होती, आणि तिच्या त्या मोठ्या, कुठेच न बघणाऱ्या डोळ्यांवर सगळा डोलारा उभा आहे. म्हणजे हार्वींनी काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे बरोबर ओळखलं होतं. आमच्या स्नेहसंमेलनात नेमकं उलट व्हायचं. मखमली पडद्यावर खर्च आणि नाटक पाठच नाही!

आता बहिणीचा मुख्य आक्षेप. "काढायचाच तर काही चांगला विषय घ्यावा. भुताखेताचं काय?" तिच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मी स्वतः आयुष्यभर मुलांच्या मनातली भुतं काढायचं काम केलंय. अमावस्येला शाळेमागच्या विहिरीवर मुलांना घेऊन गेलेली बाई आहे मी. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. त्यामुळे हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. पण मला वाटतं, अंधश्रद्धा भुताने पसरत नाही, उताऱ्याने पसरते. ज्या गोष्टीत बाबा येतो, अंगारा लावतो आणि सगळं ठीक होतं, ती गोष्ट धोक्याची. या सिनेमात पाद्रीही हात टेकतो आणि डॉक्टरही. कोणाकडे उतारा नाही. उरते ती एकटी पडलेली बाई. मी भाच्याला तेवढंच बजावलंय, तुझ्या गोष्टीत बाबा आला तर माझ्याशी गाठ आहे.

पुढचं ऐका. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये लॉरेन्समध्येच सिनेमा लागला. मग एका वितरकाकडे दिला, तो दिवाळखोर झाला. हार्वींच्या हाती काही लागलं नाही, गावातल्या ज्या मंडळींनी विश्वासाने पैसे घातले त्यांचेही बुडाले. त्यातच सिनेमाच्या प्रतींवर स्वामित्वहक्काची ओळ छापायची राहून गेली. त्या काळच्या तिकडच्या कायद्याने ती नसली की हक्क गेलाच. म्हणजे सिनेमा कोणाचाही झाला. दूरचित्रवाणी केंद्रं रात्री-अपरात्री फुकट दाखवत राहिली, आणि तसाच, अर्धवट झोपेत, कोणाकोणाच्या मनात तो जाऊन बसला. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या गाजलेल्या सिनेमावर याची छाया जाणकार दाखवतात. १९८९ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, लोकांनी डोक्यावर घेतला. तेव्हा हार्वी पासष्टीला टेकले होते. १९९६ मध्ये ते गेले.

मधल्या सत्तावीस वर्षांत त्यांनी काय केलं? रजा संपली, तसे कामावर रुजू झाले. सेन्ट्रॉनमध्येच बोधपट काढत राहिले. पूर्ण लांबीचा दुसरा सिनेमा त्यांनी कधीच काढला नाही.

भाच्याला हे सगळं माझ्या आधीपासून माहीत होतं. पण त्याने त्यातून काढलं एक आणि मी काढलं भलतंच! तो म्हणतो, "बघ मावशी, झपाटलेला माणूस काय करू शकतो." मी म्हणते, "बघ बाळा, त्याने राजीनामा दिला नव्हता."

हल्ली मोबाईलवर रोज कोणीतरी उपदेश पाठवतं, नोकरीवर लाथ मारा, स्वप्नाच्या मागे धावा. ते पाठवणारे बहुतेक आपापल्या नोकरीच्या खुर्चीवर बसूनच पाठवत असतात. माझं स्पष्ट मत आहे की प्रेमापोटी करायच्या कामाला पोट भरायला लावू नये. ते बिचारं वाकतं. पुढचा हप्ता भरायचाय म्हटलं की लगेच एखादं गाणं घुसतं, मग विनोदी नोकर घुसतो, मग तो बाबा येतो अंगारा घेऊन! हार्वींना काही फेडायचं नव्हतं असं नाही, पण सोमवारी चूल पेटणार होती. म्हणून ते शांतपणे एका बाईला रिकाम्या नृत्यगृहातून तेवढा वेळ चालू देऊ शकले. धंदेवाईक माणसाने ते कापलं असतं.

आणि दुसरं, ज्यावर भाचा जास्त चिडला. लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांचे पैसे बुडाले, त्याबद्दल कौतुकाने लिहिणारे फार बोलत नाहीत. त्यांनी निदान धंद्याचा धोका समजून घातले होते. आईची ठेव म्हणजे धोका पत्करायचं भांडवल नव्हे. तिने माझ्या मेहुण्यांच्या मागे ती कशी जपलीय हे मला माहीत आहे. तेव्हा ठेवीला हात लावायचा नाही. आणि मित्रांनाही 'हौस आहे, पैसे कसले' असं म्हणायचं नाही. हौस तुझी आहे. सुताराची नाही, वीज जोडून देणाऱ्याची नाही. शाळेत असताना आमच्या शिपायाने स्नेहसंमेलनासाठी किती रात्री फुकट जागून काढल्या असतील! आम्ही त्याला नारळ दिला आणि टाळ्या वाजवल्या. आज त्याची लाज वाटते.

तर माझा निवाडा असा झाला: राजीनामा नाही, ठेव नाही, पण सिनेमा काढायचा. साठलेली रजा टाक, तीन आठवडे. जेवढी स्वतःची साठवण, तेवढाच सिनेमा. नाही पुरली तर गोष्ट लहान कर. बहिणीला सांगितलं, तू अडवू नकोस. तिला वाटतं मी त्याला फूस दिली, त्याला वाटतं मी त्याचे पाय छाटले. गेले दहा-बारा दिवस दोघांचेही फोन बंद!

बहीण शेवटच्या फोनवर म्हणाली, "तुला बोलायला काय जातंय? तू स्वतः कधी असलं काही केलंस?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. इथे देते.

१९७९ साल. मी एक दोन अंकी नाटक लिहिलं होतं. आमच्या तालुक्याच्या गावातल्या हौशी मंडळींना ते आवडलं आणि राज्य नाट्यस्पर्धेत उतरवायचं ठरलं. बाईची मुख्य भूमिका मीच करायची होती. तालमी संध्याकाळी, त्याची अडचण नव्हती. पण प्रयोगासाठी केंद्रावर जाणं, शेवटच्या तालमी, सगळं धरून दहा दिवसांची रजा लागणार होती. मी सगळ्यांना सांगितलं, शाळा रजा देत नाही. मंडळी हळहळली. ह्यांनी तर मुख्याध्यापकांना भेटून बोलतो म्हटलं, मी शपथ घालून थांबवलं. मंडळाने दुसरं नाटक केलं. आमच्या घरात ती गोष्ट अजूनही अशीच सांगतात, ताईला शाळेने अडवलं, नाहीतर ती मोठी लेखिका झाली असती.

मी अर्जच केला नव्हता.

अर्ज लिहिलेला होता, पर्समध्ये होता. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत आले. ते सज्जन होते, त्यांनी रजा दिली असती. दिली असती म्हणूनच आत गेले नाही. नाकारली असती तर प्रश्न मिटला असता. मिळाली असती तर मग ते नाटक लोकांसमोर करावं लागलं असतं, आणि ते वाईट ठरलं असतं तर माझ्याकडे 'शाळेने अडवलं' हे सांगायला उरलं नसतं. हे गेले तेव्हाही त्यांना खरं सांगितलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत त्या मुख्याध्यापकांना माफ केलं नाही. रस्त्यात भेटले तर नमस्कारही तुटक करायचे. हा एक अन्याय माझ्या नावावर आहे. दोघेही आज नाहीत.

नाटकाची वही ट्रंकेत आहे. मागच्या आठवड्यात, इतक्या वर्षांनी, काढून वाचली. पहिला अंक बरा आहे. दुसऱ्यात सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलतात. म्हणजे नाटक तसं बेताचंच होतं. प्रयोग झाला असता, चार जणांनी नावं ठेवली असती, मी दहा दिवसांनी परत येऊन नववीला व्याकरण शिकवायला लागले असते. हार्वींच्या तीन आठवड्यांनंतर तेच झालं की! सिनेमा पडला आणि ते कामावर गेले.

असो. हे वाचून बहीण काय म्हणेल ते माहीत नाही.

सिनेमा नेटवर सहज सापडतो, हक्कच नसल्यामुळे चोरीचं पापही नाही. वेगवेगळ्या लांबीच्या प्रती आहेत, त्यातली स्वच्छ केलेली बघा, खराब प्रतीत ती काळी-पांढरी जादू दिसत नाही. कोणी पाहिला असेल तर तो दुकानातला प्रसंग तुम्हाला कसा वाटला ते जरूर कळवा. फक्त शेवट उघड करू नका.

(वरचं लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. आज सकाळी बहिणीचा फोन आला. सिनेमाबद्दल चकार शब्द नाही. माझ्या डोळ्याची चौकशी केली, मग जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्या थिएटरजवळ धड खानावळसुद्धा नाही. एकूण माणसं किती आहेत, काही बोलला का तुझ्याशी? वीस दिवस डबा करायचा म्हणजे तांदूळ आधी भरून ठेवायला हवा." मी म्हटलं, त्यालाच विचार.)